तारेचा स्वर, विमानाचा पंख आणि परिमित खंडांचें गणित

तंबोऱ्याची तार छेडली असतां जो स्वर उमटतो तो तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचें वजन या तीन गोष्टींवरून ठरतो, हें गवयाला अनुभवानें आणि गणित्याला सूत्रानें ठाऊक असतें. परंतु स्वर हा कांहीं वाद्यांचाच मक्ता नव्हे. नदीवरील पूल, कारखान्याचें धुराडें, धरणाची भिंत, विमानाचा पंख, या प्रत्येकाला आपापला एक मूळ स्वर आहे आणि त्याच्यावर चढत जाणारे आणखी कित्येक स्वर आहेत. ते बहुधा इतके खालचे असतात कीं आपल्या कानांस ऐकूं येत नाहींत. डोळ्यांना ते डोलणें म्हणून दिसतात आणि पायांना हादरा म्हणून जाणवतात. वाऱ्याचा, यंत्राचा किंवा भूकंपाचा धक्का जर त्याच लयींत येऊं लागला, तर झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्याप्रमाणें तें डोलणें वाढत जातें आणि वस्तूचा घात होतो. म्हणून पूल बांधण्यापूर्वीं आणि विमान उडविण्यापूर्वीं त्याचा स्वर कागदावर काढून पाहावा लागतो.

हें काम आज सर्व जगांत जिच्या साह्यानें केलें जातें त्या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धति म्हणतात. आपण तिला परिमित खंडांची पद्धति म्हणूं. तिचें तत्त्व थोडक्यांत असें : अवघड आकाराची वस्तु घ्यावी, तिचे मनानें लहान लहान सोपे तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्याचें गणित वेगळें मांडावें, आणि मग ते तुकडे सांध्यासांध्यांवर पुन्हां जोडून सबंध वस्तूचें उत्तर काढावें. ऐकावयास ही एकच पद्धति वाटते. परंतु कंपनाच्या बाबतींत तिच्या पोटांत दोन घराणीं नांदत आहेत. एकाचें उत्तर सत्याच्या खालीं पडतें, दुसऱ्याचें सत्याच्या वर. हीं घराणीं कोठून आलीं, एका छपराखालीं कशीं आलीं, आणि त्यांपैकीं कोणावर कितपत विसंबावें, हें आज सांगावयाचें आहे.

चूक खालीं कीं वर, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा वाटेल. तसा तो नाहीं. १९५९ सालच्या सप्टेंबरच्या २९ तारखेस अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत ‘लॉकहीड इलेक्ट्रा’ जातीचें नवें प्रवासी विमान आकाशांतच मोडलें आणि ३४ माणसें प्राणांस मुकलीं. पुढच्याच वर्षीं मार्चच्या १७ तारखेस इंडियाना प्रांतांत त्याच जातीचें दुसरें विमान मोडलें. त्यांत ६३ माणसें गेलीं. चौकशीअंतीं जें निष्पन्न झालें तें असें : इंजिनाची बैठक कमजोर झाली कीं प्रॉपेलर भोवऱ्यासारखा डुलूं लागे. बैठक जसजशी सैल होई तसतसा त्या डुलण्याचा स्वर उतरत जाई, आणि उतरतां उतरतां तो पंखाच्या स्वराशीं येऊन मिळे. दोन्ही मिळाले कीं थोड्याच वेळांत पंख तुटे. दोन स्वरांमध्यें अंतर किती उरलें आहे यावर जेथें माणसांचे जीव अवलंबून असतात, तेथें गणितानें सांगितलेला स्वर खऱ्याच्या खालीं आहे कीं वर, हें कळलेंच पाहिजे. चुकीच्या प्रमाणाइतकेंच तिच्या दिशेलाहि महत्त्व आहे.

या दोन घराण्यांची परीक्षा घेण्यासाठीं आपण तंबोऱ्याची तारच कसोटीचा दगड म्हणून घेऊं, कारण तिचें खरें उत्तर आपल्याला आधींच ठाऊक आहे. तारेची लांबी, ताण आणि एकंदर वजन हीं तिन्ही एक एक मापाचीं धरलीं, तर तिच्या मूळ कंपनाचा अंक बरोबर वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं जें गुणोत्तर असतें तितका, म्हणजे ३.१४१६ येतो. आपण कागद-पेन्सिल घेऊन बसलां नसाल हें मी जाणून आहें. तेव्हां आंकडे मोजकेच सांगतों. हा एक अंक तेवढा लक्षांत असूं द्यावा.

पहिलें घराणें मण्यांचें. योहान बर्नूली यानें १७२८ मध्यें असा विचार केला कीं, तार स्वतः बिनवजनाची आहे आणि तिच्यावर सारख्या अंतरानें वजनदार मणी ओंवलेले आहेत. सबंध तारेचें कंपन म्हणजे तिच्यावरील अनंत बिंदूंचा विचार. चार मण्यांचें कंपन म्हणजे अवघीं चार समीकरणें. पुढें १७५९ मध्यें तुरीन येथें तरुण लाग्रांज यानें मण्यांची संख्या वाढवीत वाढवीत अखंड तारेपर्यंत जाण्याचा मार्ग दाखविला. आतां आपली तार या रीतीनें मोजूं. तिचे दोन भाग पाडले आणि अर्धें वजन मधोमध एका मण्यांत गोळा केलें, उरलेलें दोन टोंकांना ठेवलें, तर उत्तर २.८२८ येतें. चार भाग पाडले तर ३.०६१, आठ पाडले तर ३.१२१. उत्तर खऱ्याच्या नेहमीं खालीं राहतें, परंतु पायरीपायरीनें वर चढतें.

हे अंक ज्यांनीं भूमितीचा जुना इतिहास वाचला असेल त्यांना ओळखीचे वाटतील. एक माप व्यासाच्या वर्तुळांत बसविलेल्या चौकोनाची परिमिति २.८२८ असते, अष्टकोनाची ३.०६१ आणि सोळा बाजूंच्या बहुभुजाची ३.१२१. म्हणजे तारेवर मणी ओंवणारा गणिती नकळत आर्किमिडीजचाच बहुभुज काढीत असतो. आपल्याकडे कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं १५४५ मध्यें ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तींत त्यांनीं बारापासून दुप्पट करीत ३८४ बाजूंपर्यंत वर्तुळांतील बहुभुज नेला. तोच हिशेब तारेच्या भाषेंत सांगावयाचा तर तिचे १९२ भाग पाडण्यासारखा आहे. वर्तुळाचा परीघ आणि तारेचा स्वर यांचें नातें इतकें जवळचें आहे.

मण्यांच्या रीतीचें उत्तर खालीं कां येतें, याचें कारणहि सोपें आहे. तारेचा जो भाग टोंकाजवळ असतो तो थोडाच हलतो, मधला भाग पुष्कळ हलतो. आपण थोडें हलणारें वजन उचलून सर्वांत अधिक हलणाऱ्या जागीं आणून ठेविलें, म्हणून तार सुस्तावली. वजन किती आहे याइतकेंच तें कोठें आहे यावर स्वर अवलंबून असतो, हें तबलजीला सांगावयास नको. पुडीवरील शाईचा सारा महिमा तोच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० मध्यें आणि पुन्हां १९३४ मध्यें आपल्या चर्मवाद्यांवर जें संशोधन प्रसिद्ध केलें त्यांत मध्यावरील या भारामुळेंच कातड्याचे वरचे स्वर सुरेल जुळतात असें दाखवून दिलें आहे.

दुसरें घराणें आकारांचें. त्याचा आद्यपुरुष इंग्लंडचा लॉर्ड रॅले. प्रकृतीच्या कारणानें तो १८७२ मध्यें मिसर देशीं गेला आणि नाईल नदींतल्या नौकेवर बसून त्यानें आपल्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथास आरंभ केला. त्याचा पहिला भाग १८७७ मध्यें बाहेर पडला. रॅले म्हणतो, तारेचे तुकडे करूं नका, वजनहि हलवूं नका. ती कंप पावतांना कोणता आकार घेत असेल याचा केवळ अदमास करा. त्या आकारांत वांकण्याला किती शक्ति लागते आणि हलण्यांत किती शक्ति खर्च होते, यांची तुलना करा. त्यावरून स्वर निघेल. अदमास थोडा चुकला तरी स्वर फारच थोडा चुकेल. आणि एक गोष्ट निश्चित : जो स्वर निघेल तो खऱ्या मूळ स्वराच्या खालीं कधींच जाणार नाहीं. कारण निसर्ग आपण होऊन सर्वांत सोयीचा आकार घेतो. आपण दुसरा कोणताहि आकार लादला तर ती एक प्रकारची सक्तीच होते, आणि सक्तीनें वस्तु अधिक ताठर होते.

आपली तार मधोमध चिमटींत धरून ओढल्यासारख्या त्रिकोणी आकारांत हलते असें मानलें, तर उत्तर ३.४६४ येतें, तें बरेंच वर आहे. पण गोलसर कमानीचा, गणिती ज्याला पॅराबोला म्हणतात तो आकार घेतला, तर उत्तर दहाचें वर्गमूळ, म्हणजे ३.१६२ येतें. ब्रह्मगुप्तानें वर्तुळाच्या गणितांत सूक्ष्म मान म्हणून घेतला होता तोच हा अंक. चूक शेंकडा एकाहूनहि कमी, आणि श्रम दहा ओळींचे.

या घराण्याला पूर्णत्व आणलें तें वाल्टर रिट्झ या स्विस तरुणानें. त्याची कहाणी थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. क्लाड्नी या जर्मन संशोधकानें १७८७ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : धातूच्या किंवा कांचेच्या पत्र्यावर वाळू पसरावी आणि त्याच्या कडेवर सारंगीच्या गजासारखा गज ओढावा, वाळू हलत्या जागांवरून सरकून स्थिर रेषांवर गोळा होते आणि रांगोळीसारख्या आकृति उमटतात. त्या पाहून नेपोलियनहि चकित झाला आणि त्यांचें गणित सांगणाऱ्यास पॅरिसच्या विद्वत्सभेनें पारितोषिक लाविलें. तें १८१६ मध्यें सोफी जर्मेन या विदुषीस मिळालें. पण चारी बाजू मोकळ्या असलेल्या चौकोनी पत्र्याचें कोडें त्यानंतरहि जवळ जवळ शंभर वर्षें सुटलें नव्हतें. रिट्झनें रॅलेप्रमाणें एकच आकार न घेतां पुष्कळ सोपे आकार घेतले, प्रत्येकाला एक एक अज्ञात गुणक लाविला, आणि उत्तर शक्य तितकें खालीं येईल असे ते गुणक निवडले. वरून खालीं येणारें उत्तर सत्याच्या पलीकडे जाऊंच शकत नसल्यामुळें, जितकें खालीं येईल तितकें तें खऱ्याच्या जवळ! या विचाराचा एक निबंध त्यानें पॅरिसच्या विद्वत्सभेच्या १९०७ च्या स्पर्धेस पाठविला होता. पारितोषिक त्याच्या वाट्याला आलें नाहीं. १९०८ मध्यें त्यानें आपली रीति छापून प्रसिद्ध केली आणि १९०९ मध्यें क्लाड्नीच्या पत्र्याचे स्वर आणि आकृति हातानें गणित करून काढून दाखविल्या. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत क्षयरोगानें त्याचा अंत झाला. वय अवघें ३१ वर्षांचें होतें.

रिट्झच्या रीतींत एक उणीव होती. तिला लागणारा प्रत्येक आकार सबंध वस्तूवर पसरलेला असावा लागे. चौकोनी पत्र्याला असे आकार सुचतात. पण ज्याच्या आंत फासळ्या आहेत, पोटांत इंधनाच्या टांक्या आहेत, आणि ज्याच्याखालीं इंजिनें टांगलीं आहेत, अशा विमानाच्या पंखाला सबंध आकार कोण कसा सुचविणार? यावरील तोड रिचर्ड कूरांट यानें सांगितली. हिटलरी अंमल सुरू झाल्यावर गटिंगेन सोडून अमेरिकेंत गेलेल्या या गणित्यानें १९४३ मध्यें छापलेल्या आपल्या एका व्याख्यानांत दाखविलें कीं, क्षेत्राचे त्रिकोणी तुकडे पाडावे आणि प्रत्येक तुकड्यावर अगदीं सरळ, सपाट आकार घ्यावा. मोठा वांकडा आकार लहान सरळ तुकड्यांनीं जोडून तयार होईल. विचार संपूर्ण होता. परंतु त्यांतून उद्भवणारीं शेंकडों समीकरणें सोडवील असें यंत्र तेव्हां हाताशीं नव्हतें, आणि इंजिनिअरांचें त्या व्याख्यानाकडे लक्ष गेलें नाहीं.

तें लक्ष जावें अशी निकड दहा वर्षांनीं वेगळ्याच ठिकाणीं उत्पन्न झाली. अमेरिकेंतील बोइंग कारखान्यांत जॉन टर्नर यांच्या हाताखालीं विमानांच्या कंपनांचा अभ्यास करणारा एक विभाग होता. जेट विमानांबरोबर मागें वळलेले आणि त्रिकोणी पंख आले, आणि लांब सरळ पंखांसाठीं वापरलेलें दांड्याचें गणित त्यांना लागू पडेना. पंख किती ताठर आहे हेंच नीट कळेना, मग त्याचा स्वर कसा कळणार? १९५२ च्या उन्हाळ्यांत बर्कले विद्यापीठांतील तरुण अध्यापक रे क्लफ तेथें कामाला आले. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा पत्र्याचे त्रिकोणी आणि चौकोनी तुकडे जोडून ताठरपणा काढण्याचा निबंध १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. आणि १९६० मध्यें पिट्सबर्ग येथील परिषदेंत क्लफ यांनीं या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हें नांव दिलें. आज जी पद्धति पुलापासून दांतापर्यंत सर्वत्र वापरली जाते तिचा इंजिनिअरांच्या हातून झालेला जन्म असा पंखाच्या कंपनाच्या चिंतेंतून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

येथें दोन्ही घराणीं एका छपराखालीं आलीं, पण अर्धवट. ताठरपणा काढण्यासाठीं नवे खंड आले. वजनासाठीं मात्र जुनीच मण्यांची रीति चालू राहिली. प्रत्येक खंडाचें वजन त्याच्या कोपऱ्यांवर वांटून टाकावें, कीं झालें. ही विसंगति १९६३ मध्यें जॉन आर्चर यांनीं दूर केली. त्यांचें म्हणणें असें कीं, खंड ज्या आकारांत वांकतो असें धरून ताठरपणा काढला, त्याच आकारांत तो हलतो असें धरून वजनहि वांटावें. याला सुसंगत वस्तुमान म्हणतात. असें केलें कीं ही रीति रॅले आणि रिट्झ यांच्या घराण्यांत सामावते, आणि त्यांची हमीहि तिला लाभते : उत्तर खऱ्याच्या खालीं जाणार नाहीं.

आतां तारेच्या कसोटीवर दोन्ही शेजारीं ठेवूं. दोन भागांना मण्यांची रीति २.८२८ सांगते, सुसंगत रीति ३.४६४. चार भागांना ३.०६१ आणि ३.२२३. आठ भागांना ३.१२१ आणि ३.१६२. एक खालून चढते, दुसरी वरून उतरते, आणि दोघींच्या चुका जवळ जवळ सारख्या असून उलट दिशेच्या आहेत. मग दोन्ही वस्तुमानांची सरासरी घेतली तर? चार भागांनाच उत्तर ३.१३९ येतें, म्हणजे चूक हजारांत एकाहून कमी! सारख्या जाडीच्या तारेला आणि दांड्याला हा मध्यम मार्ग फारच फळतो. वेड्यावांकड्या आकारांच्या वस्तूंना मात्र तो इतक्या निश्चितपणें लागू पडत नाहीं.

मग सुसंगत रीतीला हमी आहे म्हणून मण्यांची रीति टाकून द्यावी काय? व्यवहारानें तसें केलें नाहीं, आणि त्याला सबळ कारणें आहेत. मण्यांच्या रीतींत प्रत्येक सांध्याचें वजन त्याचें त्याच्यापाशीं असतें. सुसंगत रीतींत शेजारच्या सांध्यांचीं वजनें एकमेकांत गुंतलेलीं असतात, आणि तो गुंता सोडविण्यास यंत्राला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. मोटार भिंतीवर आदळली असतां तिचा पत्रा क्षणाक्षणाला कसा चुरगळतो, हें ज्या गणितानें पाहतात त्यांत काळाचीं अतिसूक्ष्म पावलें टाकावीं लागतात. अशा कामासाठीं अमेरिकेंतील लिव्हरमोर प्रयोगशाळेंत १९७६ मध्यें जॉन हॉलक्विस्ट यांनीं ‘डायना’ ही गणनयोजना रचली, आणि तिच्यांत मण्यांचीच रीति आहे. सरळ दांड्याच्या बाबतींत तर या रीतीनें काळाचें पाऊल सुसंगत रीतीच्या सुमारें पावणेदोनपट लांब टाकतां येतें. नासा या संस्थेनें तयार करविलेल्या ‘नॅस्ट्रॅन’ या प्रसिद्ध गणनयोजनेंतहि दोन्ही रीति ठेवलेल्या असून निवड इंजिनिअरावर सोपविलेली आहे.

शिवाय ती हमीहि वाटते तितकी बिनशर्त नाहीं. तिच्या मर्यादा तीन आहेत. पहिली : लगतच्या खंडांचे आकार कडेला कडा जुळवून नीट बसले पाहिजेत. पत्र्याच्या वांकण्यासाठीं वापरले जाणारे कित्येक उपयुक्त खंड असे नीट बसत नाहींत. त्यांचें उत्तर वरहि जाईल आणि खालींहि जाईल. असे खंड विश्वासार्ह आहेत कीं नाहींत हें पाहण्याची परीक्षा ब्रूस आयर्न्स यांनीं १९६५ मध्यें घालून दिली. दुसरी : आतांपर्यंत मीं मूळ स्वराची गोष्ट सांगितली. वरच्या स्वरांना चूक झपाट्यानें वाढते. आपल्या चार भागांच्या तारेचा तिसरा स्वर घेतला, तर मण्यांची रीति शेंकडा सुमारें २२ नें खालीं आणि सुसंगत रीति शेंकडा सुमारें १९ नें वर जाते. ज्याला वरचे स्वर हवे असतील त्यानें तुकडे बारीक केलेच पाहिजेत. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी : ही हमी कागदावरच्या वस्तूविषयीं आहे. खऱ्या वस्तूंतला सैल रिव्हेट, पायाखालची मऊ माती, झिजलेली बैठक, यांची तिला वार्ता नसते. म्हणूनच विमान कागदावर कितीहि सुरेल ठरलें, तरी पहिल्या उड्डाणापूर्वीं तें जमिनीवर मुद्दाम हालवून त्याचे स्वर मोजतात, आणि ते गणिताशीं ताडून पाहतात.

श्रोतेहो, या इतिहासांत कोणत्याहि एका घराण्याचा जय झालेला नाहीं, आणि होण्याचें कारणहि नाहीं. आर्किमिडीजनें वर्तुळाच्या आंत एक बहुभुज काढला आणि बाहेर दुसरा काढला. दोन्ही चुकीचे आहेत हें त्याला पक्कें ठाऊक होतें. पण सत्य त्या दोहोंमध्यें कोंडलें गेलें आहे हेंहि त्याला ठाऊक होतें, आणि कोंडण्याची जागा तो हवी तितकी अरुंद करूं शकत होता. कंपनाचें गणित करणाऱ्यानें हाच पाठ घ्यावा. ज्याच्यापाशीं एकच उत्तर आहे, मग तें दशांशाच्या कितीहि घरांपर्यंत काढलेलें असो, त्याला आपण किती चुकलों आणि कोणीकडे चुकलों हें सांगतां येत नाहीं. ज्यानें खालून एक आणि वरून एक अशीं दोन उत्तरें काढलीं, तुकडे बारीक करून तीं परस्परांकडे सरकतात असें पाहिलें, आणि शेवटीं प्रत्यक्ष वस्तु हालवून तिचा स्वर ऐकला, त्याच्या पुलावरून आणि त्याच्या विमानांतून आपण निःशंकपणें प्रवास करावा.